कार्डावरच्या तीन तारखा

"नऊ दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे का?"

"आभाळ कोसळणार नाही. तारीख खोटी होईल."

"अहो, शाळेतला कारकून स्वतःच्या तोंडानं सांगतोय, पोरीची जन्मतारीख नऊ दिवस आधीची लिहा, याच वर्षी नाव घालतो. त्याला चालतंय. मोठ्या बाईंना चालतंय. तुमच्याच घशात तेवढे नऊ दिवस अडकलेत!"

"ती त्या दिवशी जन्मली नव्हती."

"हे तुम्ही मला सांगताय? मी होते तिथे! तुम्ही कुठे होतात? मोटर उघडून बसला होतात!"

अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं हे भांडण. दोन घरांमधली भिंत एका विटेची, त्यामुळे शेजारणीला कान लावायचेही कष्ट पडले नाहीत. नळाखालची तिची कळशी भरून वाहायला लागली तरी ती जागची हलली नाही. पाणी उद्याही येणार होतं; असं भांडण थोडंच रोज येतं!

शेवटी पलीकडे एक भांडं आपटलं आणि बाई म्हणाली, "बसा मग तारखा कवटाळून, तारीखराव!"

झालं. नवऱ्याचं बारशातलं नाव त्या दिवसापासून पुसलं गेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत आणि आठवड्याभरात गिरणीतही ते तारीखराव झाले. पोरीचं नाव एक वर्ष उशिरा शाळेत घातलं. तिच्या आईनं पुढे आयुष्यातलं प्रत्येक संकट त्या एका वर्षाच्या खात्यावर टाकलं. लेक गणितात नापास झाली, ते त्या वर्षामुळे. लेकीला नवरा बरा मिळाला नाही, तेही त्या वर्षामुळेच. "एक वर्ष आधी शिकून बाहेर पडली असती, तर तो मेला हिला भेटलाच नसता," असा बाईचा हिशेब. तारीखराव खाली मान घालून जेवायचे.

ते गिरणीत वायरमन होते. खोक्यांना लागतो तसा जाड कागद तिथे व्हायचा. खिशात दोन पेचकस, एक मार्कर आणि पांढऱ्या चिकटपट्टीचं भेंडोळं. जी वस्तू हातात येईल तिच्यावर पट्टी चिकटवून तारीख घालायची, ही त्यांची सवय. दिवा बदलला, तारीख. गॅस लावला, तारीख. पिठाच्या डब्यावर, औषधाच्या बाटलीवर, चपलेच्या तळव्याला. एकदा बायको म्हणाली, "माझ्याही कपाळावर लिहून ठेवा, कधी आणलीत ते." तर हा माणूस मान वर न करता म्हणाला, "ती लक्षात आहे." त्यावर बाई दिवसभर उगाच भांडी घासत बसली.

गिरणीत त्यांच्या जिवाची एक जागा होती. तयार झालेला कागद जिथे मोठ्या सुरळीवर गुंडाळला जातो, ते शेवटचं मशीन. त्याची मोटर बैलाएवढी. आता मोटर म्हणजे अडाणी प्राणी. वीज दिली की एकदम पूर्ण ताकदीनं उठणार, आणि सुरळीवरचा ओलसर कागद टराटरा फाटणार. म्हणून वीज आणि मोटर यांच्यामध्ये एक खोकं बसवतात. त्याला ड्राइव्ह म्हणतात. दुधाखालची शेगडी आपण हळूहळू मोठी करतो, तसा तो वीज हळूहळू सोडतो. मोटर झोपेतून उठल्यासारखी आधी कूस बदलते, मग बसते, मग चालायला लागते. चाळीस सेकंद लागतात. हे चाळीस सेकंद तारीखरावांनीच बसवलेले. एकोणचाळीसला कागद कडेनं चिरतो म्हणायचे.

असाच एक जादा ड्राइव्ह स्टोअरमधल्या लोखंडी कपाटात ठेवलेला असे. चालता ड्राइव्ह गेला तर हाताशी असावा म्हणून. पण या वस्तूची एक खोड असते. ती नुसती पडून राहिली की आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांची ताकद जाते. वर्षानुवर्षं पडलेल्या ड्राइव्हला एकदम पूर्ण वीज दिली तर तो फुटतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवून कोणी धावायला लावत नाही ना, आधी बसवतो, मग उभं करतो, मग भिंतीला धरून चार पावलं, तसंच ते. म्हणून दर मार्चातल्या दुसऱ्या रविवारी, गिरणी बंद असताना, तारीखराव डबा घेऊन जायचे. मूठ फिरवून वीज कमी-जास्त करायचं एक यंत्र असतं, ते ड्राइव्हला जोडायचे. पाव वीज, दोन तास. अर्धी, दोन तास. पाऊण, दोन तास. पूर्ण, दोन तास. संध्याकाळी ड्राइव्हच्या गळ्यातल्या कार्डावर तारीख लिहून सही करायचे, कपाट लावायचे आणि मूठ दोनदा ओढून बघायचे.

अकरा वर्षं एकही मार्च चुकला नाही.

मग बायकोचं डावं अंग गेलं.

लेक तोवर नवऱ्याला सोडून माहेरी आली होती आणि त्याच गिरणीत कागदाचे ताव मोजायच्या टेबलावर लागली होती. आठवडाभर शेजारीण बघायची; रविवारी लेक एका मंगल कार्यालयात वाढायच्या कामाला जायची, म्हणून रविवार मात्र तारीखरावांचा. ते बायकोला उशा लावून बसवायचे, काखेत हात घालून उभं करायचे, भिंतीला धरून खिडकीपर्यंत न्यायचे. पहिल्या दिवशी ती खिडकीपर्यंत पोचली तेव्हा त्यांनी खिडकीच्या चौकटीवर पट्टी चिकटवून तारीख लिहिली.

मार्चातला दुसरा रविवार आला. त्यांनी डबा भरला. ती अंथरुणातून म्हणाली, "आज नका जाऊ."

"आठच तास. शेजारच्या वहिनी बसतील."

"वहिनी मला उचलत नाहीत, ओढतात. नका जाऊ."

ते गेले नाहीत. पुढच्या रविवारी जाऊ म्हणाले. सोमवारी सकाळी गिरणीत कपाट उघडलं, कार्ड बघितलं. अकरा तारखा एकाखाली एक, मधे भोक नाही. त्यांनी मार्कर काढला आणि बाराव्या ओळीत कालची तारीख लिहिली. मनाशी म्हणाले, काम रविवारी करूच, ओळ तेवढी रिकामी नको दिसायला. पण पुढच्या रविवारी तिला ताप होता, त्याच्या पुढच्या रविवारी ती पडली. मग राहिलंच.

दुसऱ्या वर्षी तीच हळूच म्हणाली, "आज तुमचा तो रविवार ना? तारखेचं काय करता मग?"

"लिहितो."

"न जाता?"

त्यांनी मान हलवली. ती अर्ध्या तोंडानं हसली. दुसरं अर्धं आता हसत नव्हतं. "सव्वीस वर्षं उशीर केलात हो," म्हणाली. "तेव्हा नऊ दिवसांसाठी माझा जीव खाल्लात." मग उजव्या हातानं तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

तिसऱ्या वर्षी तिची वाचा गेली होती. नका जाऊ म्हणायलाही कोणी नव्हतं. तरी ते गेले नाहीत. त्या वर्षीची तारीख तर त्यांनी शनिवारीच लिहून टाकली, न उजाडलेल्या रविवारची.

मेमध्ये ती गेली.

त्यानंतर कुठल्याही रविवारी जाता आलं असतं. घरात कोणाला उचलायचं नव्हतं. पण रविवारी यायची परवानगी मागितली की इंजिनीअर मॅडम विचारणार, काका, मार्चात दिली होती ना वीज? मग आता कशाला? काय सांगायचं त्यांना? एका खोटेपणानं गिरणीच्या गेटवर जणू दुसरा वॉचमन बसवून ठेवला होता. आणि खरं सांगायचं तर हातच उचलत नव्हते त्यांचे. दाढी करायला बसायचे आणि साबण सुकून जायचा.

जुलैत एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला शेवटचं मशीन चालता चालता थांबलं. ड्राइव्हच्या काचेवरचे आकडे विझले आणि जळका वास आला. तारीखरावांनी झाकण उघडलं आणि लगेच मिटलं. त्यात काही उरलं नव्हतं.

गिरणीचा जीव आधीच टांगणीला लागलेला होता. मालकाची दुसरी गिरणी दुसऱ्या गावात, तिथे सगळं नवं. ही जुनी एका मोठ्या ऑर्डरीवर तग धरून होती. मालकाचा फोन आला: दुपारी चारपर्यंत मशीन फिरलं तर ठीक, नाहीतर ऑर्डर तिकडे हलवतो. ऑर्डर हलली की गिरणी बंद, हे बासष्ट माणसांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गिरणीतल्या इंजिनीअर मॅडम तिशीच्या. दोन वर्षांपूर्वी आल्या तेव्हा पुस्तकातलं सगळं यायचं, पॅनेल उघडायला मात्र धजायच्या नाहीत. ती भीती तारीखरावांनी घालवली. मॅडम त्यांना काका म्हणायच्या आणि मनापासून म्हणायच्या.

मॅडमनी स्टोअरमधून जादा ड्राइव्ह आणवला, कार्ड हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मार्चातलीच तारीख! काका, वाचवलंत हो. चारच महिने झालेत, सरळ बसवू या."

तारीखराव म्हणाले, "मॅडम, तरी पण हळूहळू वीज चढवली असती तर बरं झालं असतं."

"म्हणजे आठ तास? चार महिन्यांनी काही होत नाही, हे तुम्हीच शिकवलंय मला."

"ते खरं."

"मग?" मॅडमनी कार्ड खाली ठेवलं. "तुमच्या मनात काही शंका असेल तर सांगा. मी मालकांच्या हातापाया पडून उद्या सकाळपर्यंत मुदत मागते. ऐकतील ते माझं. पण त्यांना कारण काय सांगू? कार्डावर तर तारीख आहे."

एक वाक्य बोलायचं होतं. तीन रविवार मी आलो नाही, एवढंच. बासष्ट माणसांची रोजीरोटी त्या वाक्यावर अडली होती, हे त्यांना कळत होतं. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. ताव मोजणाऱ्या बायका कामाविना दारात येऊन उभ्या होत्या, कोपरापर्यंत कागदाची भुकटी. पुढे लेक.

त्यांतली एक म्हणाली, "अहो मॅडम, तारीखरावांनी लिहिलंय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. या माणसानं स्वतःच्या पोरीचं वर्ष घालवलं, पण तारीख नाही हलवली. विचारा की हिला!"

सगळ्या हसल्या. लेकही हसली. आई गेल्यापासून तिच्या तोंडावर असा अभिमान कोणी बघितला नव्हता.

"दिली होती ना वीज, काका?" मॅडमनी विचारलं.

"हो," तारीखराव म्हणाले.

मग त्यांनी काम मात्र असं केलं, की बघत राहावं. मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. वीज बंद केली तरी ड्राइव्हच्या पोटात ती थोडा वेळ राहते, म्हणून दहा मिनिटं घड्याळ लावून थांबले. मीटर लावून बघितलं, शून्य. प्रत्येक तारेला पांढरी पट्टी, पट्टीवर आकडा. वीज येते त्या तारा वरच्या बाजूला, मोटरीकडे जातात त्या खालच्या. जुना ड्राइव्ह उतरवला, नवा चढवला, एकेक पेच आवळला, परत फिरून आवळला. मग वही काढून मोटरीचे सगळे आकडे नव्या ड्राइव्हला शिकवायला काढून ठेवले. शेवटचा आकडा चाळीस. कुठे म्हणून चूक काढायला जागा नव्हती. साडेतीन वाजले होते.

बायका अजून दारात होत्या. त्यांनी सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मी देते वीज." ते म्हणाले, "नाही. तुम्ही पण मागे व्हा." पॅनेलचं दार लावलं, बाजूला उभे राहिले आणि कुलूप काढून स्विच वर केला.

काचेवर आकडे उमटले. कोणीतरी टाळी वाजवली. टाळीचा आवाज विरतो न विरतो तोच आत फाटकन बार झाला, पॅनेलच्या फटींतून पांढरा धूर आला आणि नासलेल्या माशांसारखा वास गिरणीभर पसरला.

कोणाला इजा झाली नाही. स्विच पाडून तारीखराव तसेच उभे राहिले. लेक धावत आली आणि त्यांचे हात उलटेपालटे करून बघायला लागली. "भाजलं का? बाबा, कुठे भाजलं का?" भाजलं नव्हतं.

तो ड्राइव्ह बनवायचं कंपनीनं केव्हाच बंद केलं होतं. दुसऱ्या जातीचा आणून बसवायला तीन आठवडे लागले असते. ऑर्डर त्याच संध्याकाळी हलली. ऑगस्ट संपता संपता गिरणीच्या गेटाला साखळी पडली.

मॅडमनी अहवाल लिहिला. जादा ड्राइव्हची देखभाल दर वर्षी वेळेवर झालेली आहे, पुरावा म्हणून कार्ड सोबत जोडले आहे. हळूहळू वीज न चढवता सरळ जोडण्याचा निर्णय माझा. तो वाचून तारीखराव त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, कार्डावरच्या शेवटच्या तीन तारखा खोट्या आहेत. मी वीज दिलीच नव्हती."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "काका, माझ्यासाठी असं करू नका. तुम्ही त्या दिवशी म्हणाला होतात हळूहळू चढवू, मीच ऐकलं नाही. मला वाचवायला स्वतःच्या नावाला काळं फासू नका."

"मी खरं सांगतोय."

"तुम्ही खोटं बोलायला गेलात की लगेच कळतं," मॅडम म्हणाल्या. अहवाल तसाच गेला, कार्डही त्याच्याबरोबर गेलं. त्या तीन ओळींवर काट मारायची म्हटली तरी कार्ड आता हाताशी नव्हतं. महिन्याभरात मॅडमही गिरणीतून गेल्या. त्यांना पुढे बरं काम मिळालं नाही, असं ऐकू आलं.

मग ते लेकीला सांगायला गेले. लेकीला एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम लागलं होतं. दोन बसा बदलून जायचं आणि दिवसभर उभं राहून चादरींच्या घड्या घालायच्या. संध्याकाळी ती पाय पाण्यात घालून बसली होती. त्यांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. रविवार, आई, मार्कर.

ती ऐकत राहिली. मग एकदम हसत सुटली, पाय हलून पाणी सांडेपर्यंत. "बाबा! तुम्ही? खोटी तारीख? अहो, नऊ दिवसांसाठी माझं अख्खं वर्ष घालवलंत तुम्ही! दुसऱ्या कोणाचं नाव तरी सांगायचं!" डोळे पुसत म्हणाली, "आई गेल्यापासून तुम्हाला सगळं आपल्यामुळेच झालं असं वाटतं. उगाच जिवाला लावून घेऊ नका. जेवून घ्या."

कितीतरी दिवसांनी हसली होती पोर. तारीखरावांनी फडकं आणून सांडलेलं पाणी पुसलं आणि जेवायला बसले.

त्यानंतर त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. ऐकणारं, आणि ऐकून विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि त्याला तर सगळं आधीच ठाऊक होतं. आता घरातल्या वस्तूंवर पट्ट्या चिकटवायचं त्यांनी सोडून दिलं. दिवा गेला तर नुसता बदलायचे. शेजारीण चहा घेऊन जायची, तो पुढ्यात तसाच निवायचा. "तारीखराव, चहा," असं म्हटलं की मान वर करायचे आणि कोणा तिसऱ्याच माणसाला हाक मारली असेल तसे दाराकडे बघायचे. शेजारणीनं मग ते नाव टाकलं. पण दुसरं नाव कोणाला आठवतच नव्हतं.

गिरणी विकली जाईपर्यंत तिथले दिवे आणि पाण्याचा पंप बघायला मालकानं त्यांना ठेवलं होतं. रोज जायचे, यायचे. पुढच्या मार्चात, महिना संपायच्या आत, एका सकाळी ते झोपेतून उठले नाहीत. लेकीनं उठवायला हात लावला तेव्हा अंग थंड होतं. पण त्याच्या आधीचा, मार्चातला दुसरा रविवार सांगायचा राहिला.

त्या रविवारी सकाळी त्यांनी डबा भरून घेतला. लेक म्हणाली, "आज कुठे? गिरणी बंद आहे ना?" ते म्हणाले, "दुसरा रविवार आहे." वर्षानुवर्षं ऐकलेलं उत्तर होतं ते.

वॉचमननं साखळी काढली. स्टोअरच्या कपाटात अजून एक जादा ड्राइव्ह होता, लहानसा, पाण्याच्या पंपाचा; दर मार्चात मोठ्याबरोबर त्यालाही वीज द्यायचे ते. पंप, ड्राइव्ह, कपाट, सगळंच एप्रिलमध्ये भंगारवाला नेणार होता.

"काका, वजनावर विकायचंय ते," वॉचमन म्हणाला. "त्याला वीज पाजून काय वजन वाढणार आहे?"

"नाही वाढणार," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यांनी टेबल पुसलं. ड्राइव्ह मांडला, तारा जोडल्या, मीटर लावून बघितलं. पाव वीज, दोन तास. स्टुलावर बसून राहिले. बाहेर मशीनच्या जागी नुसते पेचांचे खड्डे होते आणि उघड्या छपरातून उन्हाचे पट्टे पडले होते. अर्धी, दोन तास. डबा खाल्ला, डबा धुतला. पाऊण, दोन तास. वॉचमननं चहा आणून दिला, तो त्यांनी प्यायला. पूर्ण, दोन तास. लहान ड्राइव्ह मंद गुणगुणत राहिला. काचेवर आकडे स्थिर होते.

संध्याकाळी वीज काढली, दहा मिनिटं थांबले, तारा सोडवून गुंडाळल्या. कार्ड काढलं. त्या कार्डावरही तीन मार्चांच्या तीन खोट्या तारखा होत्याच. त्यांच्या खालच्या ओळीत त्यांनी त्या दिवशीची तारीख लिहिली, सही केली आणि कार्ड ड्राइव्हच्या गळ्यात अडकवलं. कपाट लावलं, मूठ दोनदा ओढून बघितली आणि डबा घेऊन घराकडे निघाले.